पिल्लाचा इसार अडकला तर: ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणणाऱ्या ब्रीडरकडून पैसे कसे सोडवायचे

फोटोतल्या पिल्लाच्या छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. काळी लॅब्राडोर, मादी, वय एकवीस दिवस. मी आठ हजार रुपये फोनपे केले, आठ वर्षांच्या लेकीने त्याच संध्याकाळी तिचं नाव ‘ठिपकी’ ठेवलं, आणि पाच आठवड्यांनी आणायला गेलो तेव्हा पुढ्यात आलेलं पिल्लू नखशिखांत काळंकुळकुळीत. “ठिपका वयाबरोबर जातो साहेब,” केनेलवाला म्हणाला. मी जवळजवळ पटवून घेतलंही होतं. लेकीने पिल्लू उचललं, उलटं केलं आणि म्हणाली, “बाबा, हा तर मुलगा आहे.”

आठ हजार परत मागितले. उत्तरादाखल मोबाईलवर एका पावतीचा फोटो आला. तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: बुकिंग अमाउंट नॉन-रिफंडेबल.

तेव्हापासून सोसायटीत आणि ऑफिसात कुणी पिल्लू घ्यायला निघालं की आधी माझ्याकडे येतं. मी वकील नाही, हिशेबाच्या खात्यात बसतो. पण त्या आठ हजारांच्या मागे लागून जे कळलं ते क्रमाने सांगतो. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. पैसे कुणाकडे राहणार हे ‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दावर ठरत नाही. काय ठरलं होतं आणि ते कुणी मोडलं यावर ठरतं. म्हणून निम्म्याहून जास्त काम पैसे देण्याआधीचं आहे.

१. आधी पैशाला नाव द्या

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला की घेणारा विकणाऱ्याच्या हातावर काही रक्कम ठेवतो. तो इसार. दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक असतो: हा बैल आता दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, आणि मी फिरकलोच नाही तर ही रक्कम तुझी. दोरी दोन्ही टोकांना बांधलेली असते. पिल्लांच्या बाजारात त्याच रकमेला टोकन, बुकिंग, ॲडव्हान्स, डिपॉझिट अशी चार नावं पडली, आणि दोरी फक्त घेणाऱ्याच्या गळ्यात राहिली.

कायद्याला नावापेक्षा काम महत्त्वाचं. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण. घेणाऱ्याने सौदा मोडला तर तो जप्त होऊ शकतो, पण विकणाऱ्याने मोडला तर परत द्यावा लागतो. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीचा आधी दिलेला भाग; सौदाच झाला नाही तर ती सर्वसाधारणपणे परत यायला हवी. आणि इसार झाला तरी तो वाजवी हवा. अठ्ठावीस हजारांच्या पिल्लासाठी तीन हजार घेतले तर तो इसार वाटतो. वीस हजार घेऊन ‘परत नाही’ म्हटलं तर तो दंड वाटतो, आणि दंडाची गोष्ट वेगळी.

ती वेगळी गोष्ट भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७४ मध्ये आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं लिहिलेलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. यावरचा एक जुना खटला मला फार आवडतो, कारण त्यात बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे आहेत. मौला बक्ष नावाच्या पुरवठादाराने लष्कराला हा माल पुरवण्याचे दोन करार केले, दहा हजार आणि साडेआठ हजार अशा अनामत रकमा भरल्या, आणि पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने दोन्ही जप्त केल्या. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. वाजवी इसार जप्त करणं हा दंड नव्हे, हे न्यायालयाने मान्य केलं. पण ही रक्कम इसार नव्हती, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असताना सरकारने ते दाखवलंच नव्हतं.

दुसरा निकाल २०१५ चा, कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण. लिलावातल्या भूखंडाची ७८ लाखांची इसाराची रक्कम प्राधिकरणाने जप्त केली आणि तोच भूखंड नंतर कितीतरी जास्त भावाला विकला. न्यायालयाने पैसे परत करायला लावले. करार खरेदीदाराने मोडलेलाच नव्हता, आणि प्राधिकरणाचं नुकसान तर दूरच, उलट फायदा झाला होता. तुम्ही नको म्हटलेलं पिल्लू ब्रीडरने आठवडाभरात दुसऱ्याला त्याच किंवा जास्त किमतीला दिलं असेल, तर हा निकाल लक्षात ठेवा. “साहेब, तुमचं नुकसान नेमकं किती झालं?” एवढा एक प्रश्न शांतपणे विचारता आला पाहिजे.

२. पैसे देण्याआधी एकदा तिथे जाऊन या

कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. यात फक्त केनेलवाला येत नाही. मधला दलाल, व्यापारी हेही ‘ब्रीडर’ या शब्दात धरलेत. नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो मागा. “अर्ज केलाय, येईल” हे उत्तर फार ठिकाणी मिळतं. मग अर्जाची पोच मागा. तीही नसेल तर माझं मत विचाराल तर तिथूनच परत फिरा, पिल्लू कितीही गोड असलं तरी.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकता येत नाही, हाही त्याच नियमांतला भाग. वादात हा फार कामी येतो. बरेच केनेलवाले पस्तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी फोन करतात: “जागा नाही, लगेच घेऊन जा, नाहीतर टोकन गेलं.” तुम्ही आठ आठवडे होईपर्यंत नेणार नाही म्हणालात, तर सौदा तुम्ही मोडलेला नाही.

पिल्लाची आई बघायला मागा. आई नसेल, किंवा “ती गावाला आहे” असं सांगितलं, तर पिल्लू दुसरीकडून आणून विकलं जातंय असं समजा. पिल्लं जन्मायच्या आधीच बुकिंग मागत असतील तर साधा हिशेब करा. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, त्यावर आठ आठवडे. मादी भरवल्यापासून चार महिन्यांत पिल्लू तुमच्या घरी यायला हवं. त्यापुढची कुठलीही तारीख म्हणजे तुमचे पैसे बिनव्याजी वापरणं.

‘विथ पेपर’ आणि ‘विदाऊट पेपर’ असे दोन भाव ऐकायला मिळतील. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशावळ नोंद. हे कागद जातीचे असतात, तब्येतीचे नाहीत, हे विसरू नका. आणि ते पिल्लाबरोबर क्वचितच हातात पडतात. “मागून कुरिअर करतो” म्हणतात. पेपरचे वरचे पैसे मोजत असाल तर कागद येईपर्यंत दोन-चार हजार स्वतःजवळ ठेवायची बोली करा. मराठवाड्यातून कारवान किंवा पश्मी ही देशी शिकारी कुत्री घेणाऱ्यांचा व्यवहार बहुतेक वेळा ओळखीवर आणि तोंडी चालतो. तिथे कागद मागितला तर माणूस दुखावतो, हे खरंय. मग निदान बोलणं झाल्यावर एक मेसेज तरी टाका.

३. पावती स्वतः लिहा

ब्रीडरच्या छापील पावतीवर सही करून निघून येऊ नका. साध्या कागदावर, मराठीत, दहा ओळी पुरतात. स्टॅम्प पेपर, नोटरी काही नको. मी आता सगळ्यांना हा मजकूर देतो:

“मी, (पूर्ण नाव, पत्ता), (खरेदीदाराचे नाव) यांच्याकडून आज दि. … रोजी रु. ५,००० इसार म्हणून घेतले. हा इसार दि. … रोजी जन्मलेल्या, लॅब्राडोर जातीच्या, काळ्या मादी पिल्लासाठी आहे. ओळख: छातीवर पांढरा ठिपका, गळ्यात लाल दोरा. एकूण किंमत रु. २८,०००, त्यात लस, जंतनाशक आणि इतर सर्व खर्च धरला आहे. पिल्लू आठ आठवडे पूर्ण झाल्यावर, दि. … पर्यंत, लसीच्या पुस्तिकेसह ताब्यात देईन. पिल्लू दगावले, आजारी पडले, दुसऱ्याला दिले गेले किंवा ठरल्या तारखेला दिले नाही, तर पूर्ण इसार सात दिवसांत परत करीन. खरेदीदाराने स्वतःहून नकार दिल्यास रु. ३,००० वजा करून बाकी रक्कम परत करीन.”

शेवटचं वाक्य बघून लोक म्हणतात, आपण स्वतःच तीन हजार सोडायचे कबूल का करायचे? कारण ब्रीडरचंही खरं असतं. तुमच्यासाठी राखून ठेवलेलं पिल्लू दोन महिन्यांचं झालं, मध्ये आलेली तीन गिऱ्हाइकं त्याने परत पाठवली, आणि तुम्ही आयत्या वेळी नको म्हणालात, तर ते पुढे विकणं अवघड जातं. पिल्लू वाढतं तसा भाव उतरतो. आकडा लिहिला की त्यालाही सही करायला जड जात नाही, आणि तुमचं जास्तीत जास्त किती जाऊ शकतं ते तुम्हाला आधीच कळतं.

लाल दोऱ्याला हसू नका. चांगले केनेलवाले एकाच वेताची पिल्लं ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर किंवा पट्टा घालतात. तुमच्या पिल्लाला कोणता रंग आहे ते विचारून पावतीत घाला आणि पोटाकडून एक फोटो काढा. नर की मादी हे वरून कळत नाही. मी शिकलो ते लेकीकडून.

पैसे शक्यतो यूपीआयने किंवा बँकेतून द्या आणि शेऱ्यात ‘काळी लॅब मादी इसार’ असं लिहा. पावती देणाऱ्याचं नाव आणि पैसे ज्या खात्यात गेले ते नाव एकच आहे ना, ते बघा. भावाच्या किंवा मेहुण्याच्या खात्यात पाठवायला सांगितलं तर तेही पावतीत येऊ द्या.

४. फिसकटलं, तर आधी ठरवा: मोडलं कुणी?

इथे स्वतःशी प्रामाणिक राहा. पुढची सगळी भाषा यावरच ठरते.

तुमचं मन बदललं, बदली झाली, सासूबाईंना दम्याचा त्रास, घरमालक नको म्हणाला: ही सगळी तुमच्या बाजूची कारणं आहेत. ब्रीडरचा त्यात दोष नाही. वाजवी इसार गेला तर तो गेला. तरी मागून बघायला हरकत नाही, फक्त हक्काच्या सुरात नको. “पिल्लू दुसऱ्या कुणाला दिलंत की माझे पैसे परत करा, तुमचा मधला खर्च कापून घ्या” असं म्हटलं तर अर्धे लोक ऐकतात. जितक्या लवकर सांगाल तितकं बरं. एकविसाव्या दिवशी नको म्हणणाऱ्याचं आणि साठाव्या दिवशी नको म्हणणाऱ्याचं वजन सारखं नसतं. (सोसायटीची कमिटी कुत्रं पाळू देत नाही हे कारण सांगणारे बरेच भेटतात. कमिटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने कधीच स्पष्ट केलंय. तो वाद कमिटीशी घाला, ब्रीडरशी नाही.)

दाखवलेलं एक आणि दिलं दुसरं, नर-मादीत बदल, ठरल्यापेक्षा ऐनवेळी जास्त पैसे, पेपरसकट म्हणून सांगितलं आणि आता पेपर नाहीत, तारीख तीनदा पुढे ढकलली, तेच पिल्लू जास्त भाव देणाऱ्याला दिलं. यात सौदा विकणाऱ्याने मोडला. पावतीवर काहीही छापलेलं असो, तुम्ही पूर्ण रक्कम मागायची, कापून नाही.

पिल्लू ताब्यात येण्याआधी दगावलं तर दोघांचाही दोष नसेल, पण देण्याची वस्तूच उरली नाही, त्यामुळे सौदा संपतो आणि इसार परत यायला हवा. इथे बहुतेक ब्रीडर म्हणतात, “पुढच्या वेतातलं देतो.” तो त्यांचा प्रस्ताव झाला. घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, आणि घेतलात तर नवी तारीख लिहून घ्यायची.

आणखी एक प्रकार इसाराच्या पलीकडचा, म्हणून थोडक्यात: पिल्लू घरी आणलं आणि दोन दिवसांत उलट्या, रक्ताची हगवण. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे दुसऱ्याच दिवशी आजारी पडलेल्या पिल्लाने ती केनेलमधूनच आणली असण्याची शक्यता मोठी. पिल्लू आणल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून तारखेसह तपासणीचा कागद घ्या. नंतर भांडायला तोच एक कागद असतो.

५. भांडण सुरू व्हायच्या आत पुरावे गोळा करा

पहिला फोन करायच्या आधी व्हॉट्सॲपचं पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा, फोटो आणि व्हॉइस मेसेजसकट. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या; वाद झाला की जाहिरात गायब होते. यूपीआयच्या पावतीवर बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक असतो, तो लिहून ठेवा.

फोनवर झालेलं बोलणं हवेत विरतं. म्हणून फोन ठेवल्याबरोबर मेसेज टाका: “आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे तुम्ही शुक्रवारपर्यंत ठरलेलं पिल्लू दाखवणार आहात, नाहीतर इसार परत करणार आहात.” समोरच्याने अंगठा दाखवला किंवा नुसतं ‘ओके’ लिहिलं तरी काम झालं. माझ्या वेळी मला तारलं ते एका अकरा सेकंदांच्या व्हॉइस मेसेजने, ज्यात केनेलवाला मागे कुत्री भुंकत असताना सांगत होता, “ही ठिपकेवाली फीमेल तुमचीच, टेन्शन घेऊ नका.”

६. मागणी लेखी करा, तीही थंड डोक्याने

पहिला मेसेज चार ओळींचा. काय ठरलं, काय झालं, किती रक्कम, किती दिवसांत. मी पाठवलेला असा होता: “दि. … रोजी मी छातीवर पांढरा ठिपका असलेल्या काळ्या मादी पिल्लासाठी रु. ८,००० दिले. दि. … रोजी तुम्ही दुसरे, नर पिल्लू दाखवले. ठरलेले पिल्लू तुम्ही देऊ शकत नसल्याने सौदा तुमच्याकडून मोडला आहे. पूर्ण रक्कम सात दिवसांत याच क्रमांकावर परत करावी.” फसवे, चोर, बघून घेईन यातला एकही शब्द नाही. हा मेसेज उद्या तिसरा माणूस वाचणार आहे असं समजून लिहायचा.

सात दिवस गेले की हाच मजकूर कागदावर, सही करून, स्पीड पोस्टने पोच घेऊन पाठवा. पंधरा दिवसांची मुदत द्या आणि नाहीतर ग्राहक आयोगात जाईन असं लिहा. वकिलाचीच नोटीस हवी असं काही नाही. तिचा दरारा असतो हे मान्य, पण आठ हजारांसाठी तीन हजारांची नोटीस परवडत नाही.

दोन चुका इथे हमखास होतात. एक, फेसबुकच्या ग्रुपवर ब्रीडरचं नाव, नंबर, फोटो टाकून शिमगा करणं. त्याने पैसे येत नाहीत, उलट बदनामीची नोटीस मात्र येऊ शकते. दुसरी, “पैसे दे, नाहीतर तुझी नोंदणी नाही म्हणून तक्रार करतो” असं लिहिणं. नोंदणी नसेल, कुत्र्यांचे हाल होत असतील, तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे, म्हणजे पशुसंवर्धन खात्यामार्फत, किंवा जिल्ह्यातल्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे तक्रार कराच. पण ती पैशाच्या बदल्यात गहाण ठेवू नका. तशी भाषा धमकी म्हणून तुमच्यावरच उलटते.

७. १९१५, आणि मग आयोग

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीतून बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, तुमच्या वतीने समोरच्याला विचारणा करतात. मोठ्या कंपन्या तिथे पटकन हलतात. एकट्या केनेलवाल्यावर परिणाम होईलच असं नाही. फुकट आहे, म्हणून करून ठेवा आणि तक्रार क्रमांक जपा.

खरा दरवाजा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापूरकराने बेळगावच्या केनेलमध्ये पैसे भरले असतील तरी तक्रार कोल्हापुरात. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. फक्त पिल्लू घरी पाळायला घेत होतात, हे स्पष्ट लिहा; पैदास करून विकायला घेत असाल तर तुम्ही ग्राहकच धरले जाणार नाही.

तक्रारीच्या मसुद्यात एक खाच आहे, ती मला उशिरा कळली. याच कायद्यात ‘अनुचित करार’ अशी एक व्याख्या आहे: ग्राहकाला नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणारी अट तिच्यात बसते. वाचल्यावर वाटतं, हेच तर आपलं! पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोग लागतो. म्हणून जिल्ह्याच्या तक्रारीत भर द्यायचा तो सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर: दाखवलं एक, दिलं दुसरं, बिल दिलं नाही, पैसे अडकवले.

सोबत पावती, चॅट, यूपीआयचा पुरावा, नोटीस आणि पोच जोडा. मागणीत मूळ रक्कम, व्याज, थोडा मनस्ताप, थोडा खर्च. आठ हजारांच्या वादात मनस्तापाचे दोन लाख मागितले तर कुणी गांभीर्याने घेत नाही. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर तारखा पडतात आणि कायद्यात लिहिलेल्या वेळेपेक्षा बराच जास्त काळ जातो. पण आयोगाची नोटीस दारात आली की पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, कारण तारखेला येणं केनेलवाल्यालाही परवडत नाही.

८. ब्रीडरच नसेल तर

काही वेळा पलीकडे कुत्रंच नसतं. स्वस्तात गोल्डन रिट्रीव्हर, “बदली झाली म्हणून देतोय”, कधी सैन्यातल्या जवानाचं ओळखपत्र दाखवलेलं. टोकन दिलं की पिल्लू विमानात बसतं. मग पिंजऱ्याचे पैसे, विम्याचे पैसे, विमानतळावर अडकलं म्हणून आणखी पैसे, आणि प्रत्येक वेळी “हे रिफंडेबल आहेत”. व्हिडिओ कॉलवर पिल्लू दाखवा म्हटलं की नेटवर्क जातं. इथे नोटीस आणि आयोग यांत वेळ घालवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवले गेले तर वाचतात. बँकेलाही त्याच दिवशी कळवा.

आणि पोपट, पहाडी पोपट, मुनिया, तारा कासव यांसाठी इसार दिला असेल तर तो विसरा. आपल्याकडचे हे प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. विकणं गुन्हा, घेणंही गुन्हा. बेकायदा सौद्याचे पैसे सोडवायला कुठला आयोग मदत करणार?

९. पैसे परत देताना तो काय लिहून मागतो

मिटवायची वेळ आली की ब्रीडर म्हणतो, “आधी लिहून द्या की काही तक्रार नाही, मग पाठवतो.” उलटं करा. पैसे खात्यात जमा झाल्यावर लिहून द्या, आणि तेही फक्त या इसाराबद्दल: “दि. … च्या व्यवहारातील रु. ८,००० परत मिळाले, या रकमेबाबत माझी तक्रार उरली नाही.” केनेलमध्ये पिंजऱ्यात कोंबलेल्या माद्या बघून आला असाल, तर त्याबद्दल बोलायचा हक्क या चिठ्ठीत विकू नका. हप्ते मागितले तर मान्य करा, पण तारखा लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत आयोगातली तक्रार मागे घेऊ नका.

माझे दोन हप्त्यांत आले. पाच हजार नोटिशीनंतर नवव्या दिवशी, आणि राहिलेले तीन हजार १९१५ ला फोन केल्यावर आणखी तीन आठवड्यांनी. तोवर त्याचं पालुपद एकच होतं, की टोकन कुठल्याही काळ्या पिल्लासाठी होतं आणि नर-मादी असं काही ठरलंच नव्हतं. शेवटच्या हप्त्याच्या शेऱ्यात त्याने स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं: ‘फीमेल लॅब कॅन्सल’.